ज्याचं त्याचं सारण

गल्लीत त्याला तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे पायमशीन. दुसरं नाव जास्त खरं होतं. उभं आयुष्य शिलाई मशीनवर पाय मारून मारून त्याच्या उजव्या पायाला अशी सवय लागली होती, की मशीन समोर नसलं तरी पाय आपला चालूच. न्हाव्याच्या खुर्चीत बसला, पाय चालू. दवाखान्यात नंबर लावून बसला, की शेजारचा माणूस म्हणायचा, "अहो, बाक हलतंय." थिएटरात एकदा पुढच्या रांगेतली बाई वळून म्हणाली होती, "काका, एक तर सिनेमा बघा, नाहीतर माझी खुर्ची तरी शिवून द्या."

बसणं म्हणून जे काही असतं, ते त्याच्या स्वभावातच नव्हतं. दुकान तळमजल्यावर, घर तिसऱ्यावर, आणि मास्तर बहुतेक वेळ मधल्या जिन्यात. कात्री वर राहिली, पळ वर. चष्मा खाली राहिला, पळ खाली. गिऱ्हाइकाला पँटची लांबी विचारताना तो त्याच्याभोवती इतका फिरायचा, की शेवटी गिऱ्हाईकच म्हणायचं, "मास्तर, मी फिरतो, तुम्ही उभे राहा." हातात मात्र जादू. कापड एकदा बोटांत आलं की बोटं शांत, डोकं शांत. पाय तेवढा आपल्या नादात.

लग्न दोनदा जमता जमता मोडलं होतं. पहिलीचा बाप म्हणाला, "मुलगा सोन्यासारखा आहे हो, पण आल्यापासून सारखा उठतोय. ह्याचं काही हरवलंय का आमच्या घरात?" दुसरीनं स्वतःच सांगून टाकलं, "ह्यांच्याकडे नुसतं बघून मला धाप लागते." त्यानंतर कुणी विचारलं नाही आणि मास्तरानंही कुणाला विचारलं नाही. पन्नाशी अशीच जिन्यात गेली.

त्याची थोरली बहीण त्याच इमारतीत, बरोबर त्याच्या खालच्या मजल्यावर राहायची. जेवतानाही हा उभा, हे बघून बघून एक दिवस ती वैतागली. म्हणाली, "ताटावर तू बसणार नाहीस. मग निदान हातात धरून हिंडता येईल असं काहीतरी करायला शीक." आणि तिनं त्याला कॅल्झोन शिकवला. म्हणजे पिझ्झाचंच पीठ. पण वर काही पसरायचं नाही. चकती लाटायची, अर्ध्या भागावर सारण ठेवायचं, उरलेला अर्धा भाग पांघरूण घातल्यासारखा त्यावर ओढायचा, काठ मिटवायचा आणि ओव्हनमध्ये खरपूस भाजायचा. झाला अर्धा चंद्र. एका हातात मावतो, सांडत नाही, आणि खाता खाता माणूस तिन्ही मजले उतरू शकतो.

मास्तराला हे भलतंच आवडलं, कारण ह्यात स्वयंपाक कमी आणि शिलाई जास्त. शिवणीसाठी कडेला जे जादा कापड ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर पिठालाही बोटभर माया सोडायचा, तिच्यावर सारणाचा कण येऊ द्यायचा नाही, आणि मग पाण्याचं बोट फिरवून अशी बारीक, एकसारखी मुरड घालायचा की बघणाऱ्यानं विचारावं, हात की मशीन? आणि त्याच्या घरचा एक नियम होता. सारण ज्याचं त्याचं. जेवायला येणाऱ्यानं आधी सांगायचं, आपल्या पोटात काय जाणार. "सगळ्यांना एकच सारण म्हणजे तयार कपड्याचं दुकान," तो म्हणायचा. "मी मापाचं शिवतो."

तर अशा ह्या माणसाच्या आयुष्यात लाँड्रीवाली आली.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीत ती काउंटरवर बसायची. कपड्याचं बटण तुटलेलं, चेन अडकलेली, अस्तर उसवलेलं असलं, की ती कपडा मास्तराकडे धाडायची. एकदा एका कोटाचं एक बटण गेलं होतं. मास्तरानं सगळीच नव्यानं लावून पाठवली. ती कोट घेऊन दुकानात आली. "एक तुटलं होतं. सगळी का लावलीत?"

"बाकीची तुटायच्या बेतात होती."

"म्हणजे तुमच्यासारखी," ती म्हणाली आणि हसली. बस्स. त्या दिवसापासून लाँड्रीतून येणाऱ्या कपड्यांत फाटलेलं कमी आणि न फाटलेलं जास्त येऊ लागलं. मास्तराच्या जिन्यातल्या फेऱ्या कमी झाल्या, कोपऱ्यावरच्या वाढल्या. बहिणीनं दोन दिवसांत ओळखलं. "काय रे, तुझी लाँड्री काय म्हणतेय?"

"कपडे धुतेय."

"धुऊ दे, धुऊ दे. तुझ्या डोक्यावरून पण एकदा इस्त्री फिरव म्हणावं."

लाँड्रीवालीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ती नवऱ्याच्या आईबरोबर राहायची, दोघींचंच घर. मास्तरानं एका संध्याकाळी, अर्थात उभ्या उभ्याच, लग्नाचं विचारलं, तेव्हा तिनं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. म्हणाली, "आई आल्या तर मी येईन. त्यांना एकटं टाकून येणार नाही. हे आधीच सांगते, नंतर घोळ नको."

"मी कुठे म्हणतोय टाका म्हणून? घेऊन या की."

"घेऊन या काय! त्या काय कोट आहेत, हँगरला लावून आणायला? त्यांना विचारायला हवं. आणि विचारायचं तुम्ही. मी विचारलं तर माझ्यासाठी म्हणून हो म्हणतील. मला तसलं हो नकोय."

झालं. मास्तराचा जीव टांगणीला लागला. रविवारी दुपारी दोघींनी जेवायला यायचं ठरलं. हातात एक आठवडा होता आणि मास्तराला तो एकाच वेळी फार मोठाही वाटत होता आणि फार छोटाही.

मागच्या खोलीत कापडाचे गठ्ठे होते, ते त्यानं दुकानात नेऊन कोंबले. खोली पुसून घेतली. पलंगाचे पाय कापून तो बुटका केला, म्हणजे म्हातारीला चढायला नको. पलंगाच्या कडांना स्पंज लावून वरून कापड शिवलं. खिडकीला पडदा केला. तो आवडला नाही म्हणून दुसरा केला. दुसऱ्याला झालर लावली, मग झालर पोरकट वाटली म्हणून उसवली. मोरीत धरायला दांडा बसवला. मध्येच कपडा अर्धा टाकून वर पळायचा, खोलीच्या दारात उभा राहायचा, म्हातारी होऊन आत बघायचा. रात्री दिवा लागेल का? पाणी कुठे ठेवायचं? शाल टाकायला खुर्ची की खुंटी?

त्यात सारणाचा निरोप आला. लाँड्रीवालीचं सारण ठरलेलं होतं, परतलेला कांदा आणि मशरूम. तिच्या सासूबाईंचं काय?

"त्या म्हणतात, मला काहीही चालतं," लाँड्रीवालीनं सांगितलं.

मास्तर धास्तावला. धंद्यात त्याचा अनुभव होता, की 'काहीही शिवा हो मास्तर' म्हणणारं गिऱ्हाईक सगळ्यात वाईट. आपल्याला नक्की काय हवंय ते कपडा बघेपर्यंत सांगत नाही, आणि बघितल्यावर सांगतं की हे नको होतं.

"काहीही म्हणजे नक्की काय?"

"मला काय माहीत? इतकी वर्षं एकत्र राहतोय, त्या मलाही काहीही चालतं म्हणतात. आणि मग ताटात काहीतरी बाजूला काढून ठेवतात."

"काय काढतात बाजूला?"

"दर वेळी वेगळं."

आता बोला.

रविवारी सकाळी मास्तरानं सगळंच केलं. कांदा-मशरूम परतलं. पालक वाफवून फडक्यात पिळला. कोंबडी शिजवून तिचे धागे काढले. ढोबळी मिरची भाजली, टोमॅटो-लसूण घट्ट आटवलं, बटाटा उकडून कुस्करला, चीजचे दोन प्रकार किसले. ओट्यावर वाडगे ठेवायला जागा राहिली नाही, तेव्हा खुर्च्यांवर ठेवले. पीठ भिजवून परातीत ओल्या फडक्याखाली झाकलं होतं. आता पिठाला फुगायला वेळ द्यायचा. पण वेळ देणं म्हणजे काय ते मास्तराला ठाऊक असतं तर! तो दर थोड्या वेळानं फडकं उचलायचा, बोट टोचायचा, झाकायचा, खाली दुकानाचं कुलूप बघून यायचा आणि परत फडकं उचलायचा.

बहीण वर आली ती ओरडतच. "अरे, सकाळपासून माझ्या डोक्यावर धाड धाड चाललंय! काय घोडे नाचवतोयस?"

"पीठ फुगत नाहीये."

"कसं फुगेल? तू त्याला झोपू देशील तर ना!" तिनं फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं. वाडग्यांवरून नजर फिरवली. "किती माणसं येतायत?"

"दोन."

"मग हे काय, पलटण जेवणार आहे? आणि म्हातारीला काय देणार?"

"तेच ठरत नाहीये. म्हातारं माणूस. दात नसतील. तिखट नको. बटाटा आणि मऊ चीज बरं पडेल, नाही?"

"ती म्हातारी आहे की बाळ?" बहीण म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून जरा नरमली. त्याची कॉलर सारखी केली. "आणि हे बघ, ती आली की तिच्यासमोर बस. ऐकलंस? माणसासारखा खाली बस. नाहीतर तिला वाटेल, आपल्याला घरात नाही, स्टेशनवर आणून सोडलंय."

ती गेली. मास्तर खिडकीत गेला, दारात गेला, खिडकीत गेला. ठरलेली वेळ झाली आणि गेली. त्यानं मनाशी पक्कं केलं की म्हातारीनं नाही म्हटलंय आणि आता ती सांगायला लाँड्रीवाली एकटीच येणार. तेवढ्यात खाली टॅक्सीचं दार वाजलं. मास्तर उडालाच. तीन मजले उतरून खाली पोचला तेव्हा लाँड्रीवाली सासूला हात देऊन उतरवत होती. म्हातारी चांगली उंच होती, अंगात जाड लोकरी कोट, हातात काठी, आणि डोळे असे की समोरच्याची तपासणी करूनच सोडायचे. आयुष्यभर हॉस्पिटलात आया होती ती, हे मास्तराला माहीत होतं.

"या मावशी, या! जपून. हा जिना. इकडून." मास्तर बोलत बोलत वर चढूनही गेला. पहिल्या मजल्यावरून खाली डोकावला. "येताय ना?" परत खाली आला. "काही नाही, थोडंसंच आहे." पुन्हा वर. ओव्हन लावला. पुन्हा खाली. म्हातारी दुसऱ्या मजल्याच्या आधीच्या वळणावर भिंतीला टेकून उभी होती. "आलातच की!" तो म्हणाला आणि वर पळाला. पीठ बघायला.

"हा आपल्याआधी किती वेळा वर पोचला?" म्हातारीनं सुनेला विचारलं.

"आई, हळू बोला."

"हळूच बोलतेय. जोरात बोलायला दम कुठाय?"

घरात आल्यावर ती खुर्चीवर बसली ती बराच वेळ काही बोललीच नाही. नुसता श्वास घेत होती. मास्तरानं पाणी दिलं, उशी दिली, पंखा लावला, पंखा बंद केला. मग बहिणीचं आठवून समोर बसला. पाय टेबलाखाली सुरू झाला. टेबलावरची पाण्याची भांडी किणकिणू लागली. म्हातारीनं शांतपणे आपलं भांडं उचलून हातात धरलं.

"मावशी," मास्तर म्हणाला, "तुमच्यात काय भरू?"

"काहीही भर."

"तसं नाही. आमच्याकडे ज्यानं त्यानं सांगायचं असतं."

"तू शिंपी ना? नुसतं बघून माप घेतोस म्हणे. मग घे."

हे म्हणजे परीक्षाच. मास्तर उठला, सुटका झाल्यासारखा ओट्याशी गेला. गोळे तोडले, चकत्या लाटल्या. लाँड्रीवालीसाठी कांदा-मशरूम. स्वतःसाठी नेहमीचं, भरपूर लसूण, लाल तिखट आणि कोंबडी. बहिणीसाठी एक पालकाचा. आणि म्हातारीच्या चकतीसमोर हात थबकला. त्यानं एकदा वळून तिच्याकडे बघितलं. सुरकुत्या, काठी, लोकरीचा कोट. बटाटा आणि मऊ चीज घातलं. मीठही बेतानं. मग चारही दुमडून, काठ मिटवून, त्यानं अशी मुरड घातली की लाँड्रीवाली बघतच राहिली.

"आता वर चिरा द्या ना," ती म्हणाली.

"कसल्या चिरा?"

"वाफ जायला. सगळे देतात. वर दोन काप मारायचे."

मास्तर दुखावला. "तयार कपड्याला कात्री लावत नाहीत. मी कधीच लावली नाही."

"आणि कधी फुटला नाही?"

"मी एका वेळी एकच करतो, चमचाभर सारण घालून. फुटायला आत असतं काय?" आज मात्र पाहुण्यांसाठी म्हणून त्यानं प्रत्येकात दाबून दाबून भरलं होतं.

ओव्हनमध्ये ट्रे गेला. मास्तर समोर उकिडवा बसला. काचेतून ते फुगताना दिसले, गोल झाले, अंगावर सोनेरी रंग चढला. मग पहिल्याची शिवण हळूच उसवली. पच्च. मशरूमचं पाणी बाहेर आलं. दुसऱ्याच्या तर पोटातच स्फोट झाला आणि चीज धावत सुटलं. मास्तर दार उघडू की नको करत होता तोवर चौघांची सारणं ट्रेमध्ये एकमेकांच्या गळ्यात पडली होती.

खोलीत जळक्या चीजचा वास पसरला. मास्तर ट्रे हातात धरून उभा. आठवडाभर जे काही केलं त्याचा हा असा लगदा. तो म्हणाला, "मी परत करतो. पीठ आहे. पटकन होतील. तुम्ही बसा, मी..."

"अरे थांब," म्हातारी म्हणाली. "आण इकडे. फुटलेल्या माणसांना मी आयुष्यभर खायला घातलंय, फुटलेलं मला खाता येईल. माझ्यात काय होतं?"

"बटाटा. आणि मऊ चीज."

"का?"

मास्तर तिच्या काठीकडे बघू लागला.

"दात नाहीत असं कोण म्हणालं तुला?" तिनं ओठ मागे ओढून दात दाखवले. "बघ. सगळे माझेच आहेत, एकही उसना नाही. तुझ्यात काय आहे?"

"लसूण. तिखट. कोंबडी."

"मग तो दे, आणि बटाटा तू खा. तुलाच गरज दिसतेय मऊ खायची."

लाँड्रीवाली हसायला लागली आणि हसता हसता तिनं मास्तराकडे असं बघितलं की त्याचा जीव थोडा भांड्यात पडला. तिघं जेवले. म्हातारीनं तिखट कॅल्झोन काठासकट संपवला, बोटं पुसली, बाजूला काही काढून ठेवलं नाही. मास्तरानं अर्धा बटाटा उभ्यानं खाल्ला आणि अर्धा विसरला. आता विचारायला हवं. आता नाही तर कधी?

"मावशी, एक खोली दाखवायची होती."

मागच्या खोलीत ती काठी टेकत गेली. बुटका पलंग बघितला. कडेचा स्पंज दाबून बघितला. पडद्याची शिवण उलटी करून बघितली. मोरीतला दांडा हलवून बघितला, हलला नाही. मास्तर दारात उभा. त्यानं एका दमात सांगून टाकलं. लग्न करायचंय, ती तुम्हाला सोडून येणार नाही, मलाही तसं नकोच आहे, ही खोली तुमची, काही लागलं तर मी आहे, मी चोवीस तास इथेच असतो, खाली-वर, खाली-वर.

"खोली छान आहे," म्हातारी म्हणाली. "इतकं माझ्यासाठी माझ्या पोटच्यानं केलं नव्हतं. पण मी येणार नाही."

लाँड्रीवालीनं मान खाली घातली. मास्तराला वाटलं, पडद्याचा रंगच चुकला.

"काय चुकलं, मावशी? पडदा बदलतो. तुम्हाला दुसरं काय हवं ते..."

"जिना काढून टाकतोस?"

मास्तराला कळेना. "जिना?"

"हो, जिना. ज्याच्यावरून तू माकडासारखा पळत होतास तो." ती पलंगावर बसली. "मी वर कशी आले ते तू बघितलंच नाहीस. तू आपला येऊन सांगायचास, थोडंसंच आहे. माझा गुडघा तुझ्यासारखा नाही रे बाबा. आज चढले, कारण पोरीचा प्रश्न होता. राहायला आले तर ह्या खोलीतून परत कधी खाली जाणार? हॉस्पिटलात लिफ्ट बंद असली की माणसाला जिन्यावरून कसं उतरवतात, मला विचार. मीच उतरवलीयत किती. चौघं लागतात आणि प्रत्येक वळणावर डोकं आपटतं. माझ्या घराला उंबरा तेवढा आहे. मी रोज उठून बाहेर जाते, फाटकाशी उभी राहते, येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडते. ते सोडून मी तुझा पडदा बघत बसू?"

मास्तर उभा राहिला तो खांबासारखा. आठवडाभर त्यानं दिवा, पाणी, खुंटी, स्पंज, सगळ्याचा विचार केला होता. जिन्याचा नाही. जिना आहे हेच त्याला कधी जाणवलं नव्हतं. मासा पाण्याचा विचार करतो का? त्याला एकदम आपली लाज वाटली आणि लगेच त्याच्या मागून भीतीही आली. म्हणजे संपलं.

"हिला घेऊन जा," म्हातारी म्हणाली. "माझं मी बघेन."

"मी नाही जाणार," लाँड्रीवाली तिथल्या तिथे म्हणाली.

"ऐक की जरा!"

"नाही म्हटलं ना, आई. आधीच सांगितलंय ह्यांनाही."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, हट्टाला हट्ट. मग म्हातारी मास्तराकडे वळली. "अरे, पण तू का येत नाहीस आमच्याकडे?"

"मी?"

"तू. तुझे पाय चांगले आहेत. तुला कुठलं बुटकं-उंच लागत नाही. माझ्या लेकाची खोली रिकामीच आहे. बाईनंच का उठून जायचं? दोन बायकांना हलवण्यापेक्षा एक शिंपी हलवणं सोपं."

"आई!" लाँड्रीवाली ओरडली, पण नाही म्हणाली नाही. मास्तराच्या लक्षात आलं की ती नाही म्हणालेली नाही. आणि तिच्या मनात हे आधी कधीच आलं नव्हतं, जसं त्याच्याही मनात आलं नव्हतं.

"मी... विचार करून सांगतो."

"कर. मी इथे बसलेय. उतरायच्या आधी मला तसाही दम खायचाय."

मास्तर बाहेर आला. ओट्याशी गेला, खिडकीत गेला. खाली त्याच्या दुकानाची पाटी दिसत होती. झोपेतून उठून तिच्यापर्यंत जायला त्याला चपलाही लागत नसत. जीव घाबरला, घर खायला उठलं, की खाली जायचं, मशीनवर बसायचं, पाय चालवायचा. इतकी वर्षं तो असाच निभावला होता. तिकडे काय करणार? तिकडे संध्याकाळी दुकान मागे राहणार आणि समोर दोन माणसं बसलेली असणार. बोला म्हणणार. बसा म्हणणार. दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या खोलीत, दुसऱ्या कुणाच्या आईसमोर. लोक काय म्हणतील ते म्हणू देत, पण माणसानं रोज संध्याकाळी नुसतं बसायचं? तो दारापर्यंत गेला, परत आला. ट्रेमधलं जळकं चीज नखानं खरवडत उभा राहिला. आतून दोघींचं हळू आवाजात बोलणं येत होतं. लाँड्रीवाली कशाला तरी हसली, आणि मग म्हणाली, "नाही आला तर राहू दे, आई. आपण आहोत की तशाच."

ते 'तशाच' त्याला सहन झालं नाही. तो खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"दुकानापासून तुमचं घर चालत किती लांब आहे?"

"तुझ्या चालीनं की माझ्या?" म्हातारी म्हणाली. "भाजी मंडई ओलांडून, पुलापलीकडे. रोज दोनदा चालशील तर पाय जरा तरी दमतील तुझे."

"आणि ओव्हन आहे?"

"नाही. आण तुझा."

"माझं सामान कुठे राहील?"

"ते हिला विचार. मला काय विचारतोस? मी काय तुझ्याशी लग्न करतेय?"

लाँड्रीवाली कानापर्यंत लाल झाली आणि टॅक्सी बघायच्या निमित्तानं खाली पळाली.

म्हातारीनं मास्तराचा दंड धरला. जिना उतरायला लागली. एक पाय खाली, मग काठी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग थांबायचं. मास्तराचा जीव कासावीस. त्याला एक पायरी एवढी मोठी असते हे माहीत नव्हतं. तो दोनदा म्हणाला, "मी पटकन खाली जाऊन बघून येतो," आणि दोन्ही वेळा तिनं दंड आणखी घट्ट धरला.

दुसऱ्या मजल्यावर बहीण दार उघडून उभीच होती. "काय ठरलं? कधी येताय राहायला?"

"आम्ही नाही. हा येतोय," म्हातारीनं सांगितलं.

बहिणीनं भावाकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं. "न्या हो न्या!" ती म्हणाली. "इतकी वर्षं डोक्यावर धाड धाड ऐकतेय. आता तुम्ही ऐका." आणि एकदम वळून आत गेली, दार लावून घेतलं. मास्तर दारासमोर घुटमळला. आतून काही आवाज आला नाही.

"वाजवू का?" त्यानं विचारलं.

"नको. उद्या ये तिच्याकडे. हातात काहीतरी गरम घेऊन ये."

पुढच्या वळणावर ती पुन्हा टेकली. मास्तरानं एवढ्या वेळात दहा वेळा हो-नाही केलं होतं. "मावशी, मला पहाटे झोप लागत नाही. घरात फिरत असतो. तुम्हाला त्रास होईल."

"मला तरी कुठे लागते? फिर तू. मी पडल्या पडल्या सांगेन कुठे ठेच लागेल ते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर दुकान आहेच की तुझं. कुणी काय बांधून घालणार आहे?"

मास्तरानं विचारलं, "पुलावर वारा फार असतो का?"

खालून लाँड्रीवालीचा आवाज आला, "अहो, टॅक्सी थांबलीय! येताय ना?"

"येतोय, येतोय!" मास्तर ओरडला. दोघं अजून त्याच पायरीवर उभी होती.